उडती घोरपड

खेळात राक्षस नकोत, एवढंच भागवतने ठरवलं. (आणि ते मनात न ठेवता मोठ्याने बोलून दाखवलं. तिथेच चुकलं.)

झालं असं, की त्याची लेक स्नेहल दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून देवळालीला आली ती बॅगेत रंगीबेरंगी फासे घेऊन. एका फाशाला तर वीस बाजू. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगार. आपला माणूस काय करतो ते तोंडाने सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार; आकडा मोठा तर जमलं.

"पुण्यात वेड लागलंय सगळ्यांना याचं," स्नेहल म्हणाली. "कॅफेत टेबल आधी सांगून ठेवावं लागतं."

भागवत राहुरीच्या एका पतसंस्थेत कारकून होता आणि स्वतःला व्यवहारी माणूस समजायचा. (पतसंस्थेत हे मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.)

"शिकलेली पोरं गुहांमधून कशाला हिंडतात?" तो म्हणाला. "खेळायचं तर खऱ्यातलं खेळा. आपलं गाव घ्या, शेत घ्या. डोक्याला उपयोग तरी होईल."

"बाबा, खऱ्यातलं घेतलं की लोक उठून जातात. म्हणून तर सगळे राजे आणि जादूगार घेतात."

"आपल्याकडे कुणी उठणार नाही."

खेळायला आणखी एक माणूस हवा होता. स्नेहल शेजारच्या दारात गेली आणि आप्पांना घेऊन आली.

आप्पासाहेब हे भागवतचे थोरले भाऊ. दोघांचं अंगण एक, विहीर एक, विहिरीवरची मोटर एक. बोलणं मात्र वर्ष-दीड वर्ष बंद. आपल्या पाळीला भागवतने स्वतःच्या उसाला पाणी घेतलं, असं आप्पासाहेबांचं म्हणणं. पाळी आपलीच होती, असं भागवतचं. तेव्हापासून निरोप बायकांमार्फत जायचे. पण स्नेहल आप्पासाहेबांच्या खांद्यावर बसून वाढलेली. तिला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. ते आले आणि भागवतकडे पाठ करून बसले.

बापाच्या हट्टाखातर स्नेहलने सुरुवात केली. "एक गाव आहे. गावात एक विहीर आहे."

आप्पासाहेबांनी मान वळवली. "कितीजनांची?"

"दोघांची," भागवत म्हणाला. (गोष्ट सांगायचं काम आपलं नाही, हे तो विसरला.)

"मंग माजा मानूस आधी पानी घेतो."

"का म्हणून? पाळी माझ्या माणसाची आहे."

"तुज्या मानसाला पाळी कधी कळली?"

भागवतची बायको पुष्पावती घाईघाईने मध्ये पडली. "माझी बाई दोघांना चहा ठेवते."

स्नेहलने फासा टाकला. तीन पडले. "चहा उतू गेला," ती बारीक आवाजात म्हणाली.

खेळातल्या माणसांची नावंही ठरली नव्हती, तोवर वडिलांचं आजारपण निघालं. दवाखान्यात उशाशी कोण बसलं आणि कोण नुसतंच भेटून गेलं, तेही निघालं. आप्पासाहेब उठले.

"पोरी, खेळ चांगला हाय," ते म्हणाले. "पन ह्यो मला रोजच खेळावा लागतोय."

दुसऱ्या दिवशी भागवत विहिरीवर गेला, तर मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला आप्पासाहेबांचं कुलूप. त्याच्या उसाची नवी लागण होती, कोंब जेमतेम वर आले होते आणि सऱ्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. घरी येऊन त्याने पुष्पावतीकडे पाहिलं.

"आता मी निरोप नेणार नाही," ती म्हणाली. "तोंड तुम्हालाही आहे."

भागवत भावाच्या दारापर्यंत गेला. राहीबाई वहिनी बाहेर आल्या. "काय पायजे, भावजी?" त्याला किल्ली म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "साखर." वाटीभर साखर घेऊन तो परत आला. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"बाबा, आता माझ्या पद्धतीने," स्नेहल म्हणाली. त्याने मान डोलावली.

ती आप्पासाहेबांकडे गेली. "आप्पा, या खेळात देवळाली नाही. विहीर नाही."

"मंग काय हाय?"

"डोंगर आहे. तिथल्या झऱ्यावर ड्रॅगन बसलाय."

"त्यो काय आसतो?"

"मोठा असतो, खवल्यांचा. नखं, पंख. तोंडातून जाळ काढतो."

"म्हंजे उडती घोरपड," म्हणत आप्पासाहेबांनी पायात चपला घातल्या.

आप्पासाहेब जादूगार झाले, पुष्पावती कुऱ्हाडवाली आणि भागवत शूर सरदार. जी पुष्पावती थोरल्या दिरापुढे कधी मान वर करत नसे, तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि शांतपणे घोरपडीचा एक पंख तोडला. भागवतला मात्र वाटलं, व्यवहाराने घ्यावं. तो घोरपडीला समजावायला गेला. फाशावर एक पडला.

"सरदार कड्याला लटकलाय," स्नेहल म्हणाली. "जवळ फक्त जादूगार आहे. आप्पा, काय करता?"

आप्पासाहेब फासा मुठीत घोळवत राहिले. मग जादूगाराचा म्हणून जो जाड आवाज त्यांनी काढला होता, त्यात म्हणाले, "सरदारा, हात देतो. पन वर आल्यावर बोलशील का?"

भागवत सावरून बसला. "सरदार म्हणतो, बोलायचंच होतं. आधी कोण बोलणार, एवढ्यावर अडलं होतं."

"जादूगाराचं बी त्येच हाय."

फासा पडला. चार.

"पुरत नाही, आप्पा."

"मंग माजी जादू समदी घाल त्यात. कांडी, अंगठी, आसंल ती. पन त्याला वर घे."

नियमात बसत नव्हतं. स्नेहलने नाक पुसलं आणि सरदाराला वर घेतलं.

उठताना आप्पासाहेबांनी किल्ली भागवतच्या पुढ्यात ठेवली. "तुजी लागन नवी हाय. आधी तू घे पानी."

"दादा, पण पाळी तर..."

"गप बस. घोरपड यील."

लोक असली राज्यं का निवडतात, ते भागवतला आता कळलं होतं. तिथल्या जमिनीचा सातबारा कुणाच्याच नावावर नसतो. हे त्याने पतसंस्थेतही दोघा-चौघांना गंभीरपणे सांगितलं.

आता दर रविवारी खेळ बसतो. स्नेहल पुण्याहून मोबाईलवर गोष्ट सांगते, राहीबाईही खेळतात, गल्लीतली आणखी मंडळी येतात. मध्यंतरी सरदार पुन्हा कुणाला तरी समजावायला गेला आणि या वेळी मेला. भागवतला नवं सोंग हवं होतं, पण चांगली सगळी इतरांनी घेतली होती. तेव्हा आप्पासाहेबांनी सुचवलं, की सामान वाहायला एक खेचर लागेल. खेचराला बोलता येत नाही, हेही तिथेच एकमताने ठरलं.

"मला हे बरं दिसतं का?" त्या रात्री भागवतने पुष्पावतीला विचारलं.

तिने तांदूळ निवडता निवडता थोडा विचार केला. "घरात तरी दुसरं काय करता?" ती म्हणाली. "उलट खेळात सामान सांडत नाही तुमच्याकडून."