नकाशातला धक्का

कालव्यावर नकाशेवाले चुकणार? अशक्य! पाटबंधारे कचेरीत बसून त्यांनी तेहेतीस वर्षे या नदीचा आणि तिच्या कालव्यांचा प्रत्येक बाक काळ्या शाईने रेखला होता. त्या काळात त्यांच्या पायाला एकदाही पाणी लागले नव्हते, ही बाब अलाहिदा. निवृत्त होताच त्यांनी एक जुनी हिरवी बोट घेतली, आणि पत्नीने एकच अट घातली.

"रविवारी चारच्या आत मला माझ्या धाकट्या भावाच्या घाटावर उतरवा. जमलं तर बोट ठेवा, नाही तर सोमवारी विका. आणि दगदग नको हं, आरामात जायचं!"

"चार? अगं, साडेतीनलाच तुझ्या भावाचा चहा घशाखाली गेलेला असेल!"

नदी संपून कालवा लागेपर्यंत सारे यथासांग पार पडले. एकच्या सुमारास भूक लागली. नकाशेवाल्यांनी मांडीवर नकाशा उलगडला आणि निकाल दिला, "दुसऱ्या बाकानंतर, डाव्या काठाला, लाकडी धक्का."

दुसरा बाक वळला. डाव्या काठाला खरोखरच लाकडी फळ्या होत्या, फटींतून गवत उगवले होते, कडेला लोखंडी खुंटा होता.

"अहो, हे डुलतंय."

"डुलतं ते पाणी. धक्का डुलत नाही. मी स्वतः काढलाय तो!"

खुंट्याला त्यांनी अशी गाठ मारली, की हत्ती बांधला असता तरी निश्चिंत झोपता आले असते. हत्ती नव्हता; म्हणून जेवण झाल्यावर ते स्वतःच झोपले, आणि मागोमाग पत्नीही.

"अहो, उठा! झाडं मागे चाललीत!"

"भास आहे तो. भरल्या पोटी होतो."

"आणि हा पूल?"

नकाशेवाल्यांनी एक डोळा उघडला. पूल डोक्यावरून निवांत मागे निघून गेला.

"दुसरा असेल एखादा."

"सकाळीच म्हणालात ना, या कालव्यावर पूल एकच आहे?"

एवढ्यात धक्क्याच्या पलीकडच्या टोकाची एक ताडपत्री बाजूला झाली आणि अर्ध्या गालाला साबण फासलेला एक माणूस बाहेर डोकावला.

"कोण हो तुम्ही? माझ्या मालवाहू पडावाला काय लटकलाय?"

"पडाव? हा धक्का आहे!"

"धक्का पुरात वाहून गेला. बारा वर्षं झाली!"

"नकाशात आहे!"

"मग नकाशालाच बांधायची होती की बोट!"

नकाशेवाल्यांनी मान लांब करून पाहिले. साठ-सत्तर हात पुढे, लांबलचक दोराच्या टोकाला, एक काळी मोटरबोट हा पडाव ओढत होती, आणि पडावामागून त्यांचा सारा संसार चालला होता. घड्याळात पावणेचार झाले होते. त्यांनी गाठीवर झडप घातली. दोर ताणलेला, गाठ दगडासारखी! त्यांनी नखांनी खरवडले, दातांनी चावले, तिच्याशी तात्त्विक वादही घातला. ती ढिम्म हलेना!

चारला दहा कमी असताना मेव्हण्याचा घाट आला. हातात किटली घेऊन मेव्हणा पायरीवर उभा होता.

"या, भावोजी! अगदी वेळेत... अहो, इकडे! वळा!"

"वळणं माझ्या हातात नाही!"

घाट मागे पडू लागला. मेव्हणा काठाने किटलीसकट धावू लागला. नकाशेवाले मात्र त्या धुमश्चक्रीतही मुद्दा सोडायला तयार नव्हते. "नोंद घे, चारच्या आत पोहोचलो! अट पूर्ण!"

"पोस्टमनने पत्र लांबून दाखवलं आणि तो पुढे गेला, तर पत्र मिळालं म्हणायचं का?" पत्नी म्हणाली, आणि पडावाकडे वळली. "दादा, पुढच्यांना जरा थांबायला सांगता का?"

"मग आधीच सांगायचं ना, ताई!" त्याने शीळ घातली. मोटरबोट थांबली, दोर सैल पडला, आणि पत्नीने केसातल्या आकड्याने तीच गाठ पाच सेकंदांत सोडवली.

इंजिन सुरू करून ते परत घाटाला लागले, तेव्हा सव्वाचार झाले होते आणि चहाचे पाणी झाले होते. पत्नीने गार चहाचा कप हातात घेऊन बोटीकडे पाहिले. सोमवारचे गिऱ्हाईक नकाशेवाल्यांच्या डोळ्यांपुढे तरळू लागले.

"राहू दे बोट," पत्नी अखेर म्हणाली. "दुपारी इतकी शांत झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. पण यापुढे बांधायचं काम माझं. आणि तो नकाशा आधी दुरुस्त करा!"

नकाशेवाल्यांनी तिथेच पेन काढले. तेहेतीस वर्षांत स्वतःच्या हातची एकही रेघ त्यांनी खोडली नव्हती. आजही खोडली नाही. धक्क्याच्या खुणेशेजारी, सुबक अक्षरांत, त्यांनी एकच शब्द लिहिला.

'चालता.'