रणोजीरावांचं संरक्षित झाड

झाड पडेपर्यंत ते कुणाचं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. म्हैसूरच्या रणोजीरावांना मात्र तो आधीच पडला. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवल्याचा हा परिणाम.

त्यांच्या आवारात शिरीषाचं जुनं झाड होतं. बुंधा आतून पोखरलेला, आणि हत्तीच्या पायाएवढी एक फांदी शेजारच्या तुंगाबाईंच्या कौलारू पडवीवर झुकलेली. त्या पडवीत रोज चार वाजता तुंगाबाई अकरा मुलांची कन्नडची शिकवणी घ्यायच्या. वारा सुटला की फांदी करकरायची आणि रणोजीरावांच्या घशाखाली कॉफी उतरायची नाही.

झाड संरक्षित, म्हणून तोडायला परवानगी हवी. ती मिळवणं अत्यंत सोपं आहे. अर्ज, नकाशा, झाडाचे तीन फोटो (चौथ्यात अर्जदार झाडाशेजारी, चेहरा गंभीर) आणि प्रतीक्षा. दोन महिने वनखात्याचे साहेब भेटले नाहीत. ते येलवालला झाडं लावायला गेले होते.

मग नरसिंहमूर्तीसाहेब स्वतः आले. त्यांनी बुंध्यावर टिचकी मारली.

"हिरवं आहे, सार. जिवंत झाड धोकादायक धरता येत नाही."

"आणि वाळलं तर?"

"का वाळलं, याची आधी तुमचीच चौकशी."

"पण उद्या पडलं, तर जबाबदार कोण?"

या अज्ञानाने साहेब हळवे झाले. "झाड सरकारचं, सावली जनतेची. पडणं तेवढं मालकाचं."

इतकी सुबक वाटणी रणोजीरावांनी गणितातही पाहिली नव्हती.

पुढे खात्याने नियमानुसार हरकती मागवल्या. दोनशे चौदा आल्या (पैकी झाड पाहिलेले सात). यादी वाचता वाचता रणोजीराव एकविसाव्या नावाशी थबकले आणि तडक कुंपणापाशी गेले.

"तुंगाबाई, तुम्ही सही केलीत?"

"अय्यो मामा, ते हेच झाड का? फोनवर आलं, 'झाड वाचवा' म्हणून. नाही कसं म्हणायचं?"

"फांदी तुमच्या डोक्यावर आहे!"

"मग सही मागे घेता येते, अल्वा? येते ना?"

येत होती. नव्वद दिवसांत. तोवर अर्ज स्थगित.

रणोजीरावांनी मग आपल्या हातातली एकमेव गोष्ट केली. शिकवणी स्वतःच्या दिवाणखान्यात हलवली. (यास अद्याप परवानगी लागत नाही. कायद्यातली ही त्रुटी लवकर दूर व्हावी.)

एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सव्वाचारला, फांदी रिकाम्या पडवीवर कोसळली. रणोजीरावांनी दिवाणखान्यातली डोकी मोजली. अकरा. पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा. गणितावरचा त्यांचा विश्वास प्रथमच डळमळला होता.

आठवड्याने नोटीस आली. आरोप दोन. शेजाऱ्याच्या कौलांचं नुकसान होऊ दिलं, हा पहिला. संरक्षित फांदी विनापरवाना झाडापासून अलग होऊ दिली, हा दुसरा.

त्याच संध्याकाळी फांदीपाशी शोकसभा भरली. मेणबत्त्या लागल्या, फोटो निघाले, आणि रात्रीपर्यंत नऊ हजार लोकांनी फोनवर अश्रू ढाळले.

त्यात तुम्हीही होता. संकोच नको, वृक्षप्रेम तुम्हालाच शोभतं. तुमच्या आवारात झाड कुठे आहे? तिथे तर तुम्ही फरशी घालून गाडी लावलीत.