दीड फूट बाहेर आलेलं मत

माझी वेबसाइट आमच्या बाल्कनीच्या बाहेर दीड फूट आली आहे, अशी तक्रार खालच्या मजल्यावरच्या उकिडवेबाईंनी सोसायटीकडे केली.

तक्रार खरी होती. वेबसाइट मी स्वतःच बांधली. त्यासाठीचं सॉफ्टवेअर सोपं असतं. चौकटी बोटाने ओढायच्या आणि हव्या तिथे सोडायच्या. ती बाल्कनीत ठेवली, कारण राउटर तिथे आहे. बाहेर कुठेतरी होस्टिंगची जागा घ्या, असं पुष्कळांनी सुचवलं. पण दुसऱ्याच्या जागेत ठेवलेलं आपलं सामान कोणी कधी बाहेर काढील, या काळजीने मला झोप लागली नसती.

सोसायटीचे सेक्रेटरी देवकुळे पालिकेच्या बांधकाम निरीक्षकांना घेऊन आले. निरीक्षकांचं नाव गव्हाणे. त्यांनी टेप लावली. मुखपृष्ठ रेषेच्या आत होतं, फोटोंचं पान आत होतं, संपर्काचं पानही आत होतं. एकच पान बाहेर गेलं होतं.

"हे काय आहे?" गव्हाण्यांनी विचारलं.

"माझं मत," मी म्हणालो. "टेकडीवर जे पिवळं दगडफूल आहे ना, ती एकच जात आहे असं सगळे मानतात. त्या दोन आहेत."

"मसाल्यात घालतात ते?"

"त्याच्या नात्यातलं."

"चाळीस वर्षं चाललंय," माझी पत्नी इंदुमती आतून म्हणाली. "आणि घरातला मसाला अजून विकतचा."

गव्हाण्यांनी मतावर टिचकी मारून पाहिली. "पक्कं आहे. तीच अडचण आहे, सर. यात एक 'बहुधा' घाला. बहुधा असलेलं बांधकाम आम्ही तात्पुरतं धरतो, मांडवासारखं. मग तक्रार टिकत नाही."

"नाहीतर?"

"नाहीतर सात जूनला पथक येईल. पान तोडताना बाकीची वेबसाइट राहील याची हमी नाही."

"घाला की, सर," देवकुळे म्हणाले. "एका शब्दाने काय बिघडतंय?"

खालून उकिडवेबाई ओरडल्या, "अहो, तुमच्या मताची सावली पडते माझ्या दोरीवर! टॉवेल वाळत नाहीत!"

ते गेल्यावर मी संगणकासमोर बसलो. या मतावरचा माझा शोधनिबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता. परीक्षक माझ्याहून जाणकार असतील, असंही मला पुष्कळदा वाटतं. या वेबसाइटशिवाय ते वाक्य जगात दुसरीकडे कुठेही उभं नव्हतं. मी चौकट निवडली आणि 'बहुधा' लिहिलं.

पान करकरलं आणि आत सरकू लागलं. खाली टॉवेलांवर ऊन पडलं. पण सरकता सरकता पान पातळ होत गेलं, इतकं की त्याच्या आरपार समोरची पाण्याची टाकी दिसू लागली. दोन्ही दगडफुलं एकमेकांत मिसळली. मी शब्द खोडला. पान धाडकन पुन्हा बाहेर गेलं.

"चुकलो असेन तर पुरता चुकलेला बरा," मी इंदुमतीला म्हणालो.

"मग पाडतील ते."

"पाडू देत."

"पाडू देत काय? पावसाळ्यात राहती जागा पाडत नाहीत. माझ्या मावशीची चाळ तशीच वाचली."

"पण तिथे कोणी राहत नाही."

"राहा की!"

सहा जूनला मी गादी, दोन उशा आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन वेबसाइटवर राहायला गेलो. मुखपृष्ठावर गादी मावली. मी घरातच राहीन असं इंदुमती दोन दिवस बजावत होती, पण संध्याकाळी तीही आली. तिने मथळ्याला दोरी बांधून माझा पंचा वाळत घातला.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. खाली सगळी सोसायटी जमली. गव्हाण्यांनी वर पाहून विचारलं, "इथे राहतं कोण?"

"मी राहतो," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, म्हणून मी पुन्हा म्हणालो, "मी आणि ही."

"स्वयंपाक होतो का? त्याशिवाय राहती जागा धरता येत नाही."

तेवढ्यात फोटोंच्या पानावर कुकरची शिट्टी झाली. गव्हाण्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली. दुसरीही ऐकली.

"भात?" त्यांनी विचारलं.

"वरणभात," इंदुमती म्हणाली. "बटाट्याची भाजी व्हायची आहे."

"राहती जागा," गव्हाणे पथकाला म्हणाले. "पावसाळा संपल्यावर बघू."

"आणि माझे टॉवेल?" उकिडवेबाईंनी विचारलं.

"तुम्ही गच्चीवर वाळत घाला, बाई," देवकुळे म्हणाले. पथक परत गेलं.

आता सप्टेंबर संपत आला आहे. पाऊस ओसरला की पथक पुन्हा येणार, असा गव्हाण्यांचा निरोप आहे. मला अजूनही नीट झोप लागत नाही. कालपासून मी काळ्या दगडफुलाबद्दलचं पान बांधायला घेतलं आहे. ते रस्त्याच्या बाजूने चार फूट बाहेर जाईल. इंदुमती म्हणते, त्याला एक खिडकी ठेवा.