नूरबीचे सवाल

आमच्या कुंभार पिंपळगावात नूरबीकडून बांगड्या भरून घ्यायच्या म्हणजे डोकं घरी ठेवूनच जावं. हात हातात घेतला की ती असा काही सवाल टाकते! मला म्हणाली, "कुसुम, तुझी आजेसासू चाळिशीतच वारली. आज दारात आली तर ती तुझ्यापेक्षा लहान. मंग पाया कोणी पडायचं?" मी विचारात पडले, तोवर डझनभर बांगड्या मनगटात. हात ताठ धरला की काच फुटते. बाई गोंधळली की हात आपोआप सैल पडतो. उत्तर मला अजून सापडलेलं नाही, ते सोडा.

पण ही करामत तिनं बांगड्यांपुरती ठेवली नाही. मतदारयादी करायला आलेल्या मास्तरांनी वय विचारलं, तर म्हणे, "निकाहाच्या आधीचं सांगू का नंतरचं?" बिचारे चहा पिऊन कोरा कागद घेऊन गेले. मी रागावले, तर म्हणाली, "एकट्या बाईनं सरळ जवाब दिला की लोक घरात घुसतेत."

मागच्या महिन्यात तिचा लेक सलीम संभाजीनगरहून आला. अम्मी विसरायला लागली, आता घेऊनच जातो, म्हणाला. नूरबीला बिलकुल जायचं नव्हतं. तिथं पाचव्या मजल्यावर तिच्यापुढं हात कोण धरणार? त्यानं माझ्यासमोरच विचारलं, "अम्मी, आज वार कोणता?"

"ज्याला सुट्टी त्याला रविवार. तू काम बुडवून आलास, तूच सांग."

सलीम हसला. मला हसू आलं नाही. सवाल टाकताना नूरबी समोरच्याच्या डोळ्यांत बघते. या वेळी ती माझ्याकडे बघत होती. सकाळीच ती बांगड्यांची पाटी घेऊन बाजाराला निघाली होती. बाजार आदल्या दिवशीच झालेला. मीच तिला वेशीतून माघारी आणलं होतं.

"मावशी, तुम्ही खरं सांगा," सलीम म्हणाला. "अम्मी विसरती का न्हाई?"

खोटं मला बोलता येत नाही. मग मीही सवालच टाकला. "दर जुम्म्याला अम्मीला फोन करीन म्हणाल्तास बाबा. विसरतंय कोण?"

त्यानं मान खाली घातली. संध्याकाळच्या बसनं एकटाच गेला.

नूरबी उंबऱ्यावर बसून राहिली. मी शेजारी टेकले. ती हळूच म्हणाली, "कुसुम, वार कोणता गं आज?"

मी सांगितला. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितला, तिच्याकडे न बघता, पहिल्यांदाच विचारल्यासारखा.