मागे वळून बघणारा बिल्ला

देवळाली कॅम्पातल्या दिगंबर चौबळांनी ब्रिटिश यूमनरीच्या एखाद्या बिल्ल्याची पलटण ओळखली, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पलटणीचा एक घोडा सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभा राहायचा.

यात चौबळांचं विशेष काही नव्हतं. बिल्ले जमवणाऱ्या सगळ्यांकडेच घोडे येतात. यूमनरी म्हणजे विलायतेतल्या शेतकऱ्यांच्या हौशी घोडेस्वार पलटणी. शेतकऱ्याने घोडा आपल्या घरून आणायचा आणि पलटणीने त्याला टोपीवर लावायला पितळी बिल्ला द्यायचा, असा तिथला रिवाज. त्यामुळे बिल्ला ओळखला गेला की घोडा खात्री करायला येतो. त्याला बिल्ला दाखवायचा, गूळ द्यायचा, की दुपारच्या आत तो आपल्या वाटेने परत जातो. घरी शेतीची कामं खोळंबलेली असतात.

चौबळ चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. साखळीतलं अस्वल दिसलं की वॉरिकशायर, दोरीची गाठ दिसली की स्टॅफर्डशायर, हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. नक्कल मात्र त्यांना मुळीच खपायची नाही. नकली बिल्ला हातात आला तर ते साबणाने हात धुवायचे. सोसायटीच्या सेक्रेटरी बोराडेबाईंनी पाहुण्यांच्या पार्किंगमधला कोपरा घोड्यांसाठी राखून ठेवला होता आणि लीद ज्याची त्याने उचलावी, अशी पाटीही लावली होती. ‘ज्याची त्याने’ म्हणजे घोड्याने की चौबळांनी, यावर वार्षिक सभेत चर्चा झाली आणि ते काम चौबळांच्या गळ्यात पडलं.

नलिनीबाईंना, म्हणजे चौबळांच्या पत्नीला, या सगळ्याचा मनस्वी कंटाळा होता. “घरात भांडी घासायची पावडर टिकत नाही, सगळी ह्यांच्या पितळेवर जाते,” असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या.

मग बत्ताशी आली.

तो बिल्ला चौबळांना भंगारवाल्याकडे बटणांच्या डब्यात सापडला होता. त्यावर मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा होता. चौबळ म्हणाले, “केंट!” आणि सकाळी फाटकाशी बदामी रंगाची एक घोडी हजर झाली. तिने बिल्ला हुंगला, गूळ खाल्ला आणि पार्किंगमध्ये फतकल मारली. दुपार टळली, संध्याकाळ झाली, तरी तिने जायचं नाव काढलं नाही. नलिनीबाई तिला हाकलायला म्हणून खाली गेल्या आणि शिळी भाकरी घालून वर आल्या. दुसऱ्या दिवशी ताजी घातली. आठवडाभरात तिचं नाव बत्ताशी पडलं होतं आणि गुडघ्यांच्या नावाने जिना टाळणाऱ्या नलिनीबाई दिवसातून कितीतरी वेळा खालीवर करत होत्या. त्या दोघी सकाळी फिरायला जायच्या. चालता चालता बत्ताशी मधूनच मागे वळून बघायची, बाई येताहेत ना म्हणून. इतक्या वर्षांत आपल्यासाठी असं कुणी थांबलं नाही, असं नलिनीबाई म्हणाल्या, तेव्हा चौबळांनी खाली मान घालून बिल्ला पुसायला घेतला.

पुसता पुसताच त्यांनी तो उजेडात धरला. बिल्ल्यावरचा घोडाही मागे वळून बघत होता. केंटचा घोडा समोर बघतो. मागे वळून बघणारा घोडा कुठल्याच पलटणीच्या बिल्ल्यावर नव्हता.

संग्राहक मंडळाची वार्षिक तपासणी त्याच आठवड्यात होती. बिल्ला नकली ठरला तर काय होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सटाण्याच्या एका गृहस्थांचा बिल्ला असाच रद्द झाला, तेव्हा त्यांचा घोडा पाणी पिता पिता नाहीसा झाला. बादली तेवढी राहिली.

“अहो, एकदा गप्प बसलात तर काय बिघडेल?” नलिनीबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मी गप्प बसेन गं. पण त्यांनी सरळ विचारलं तर खोटं कसं बोलू?”

परीक्षक ओढेकरबाई वेळेवर आल्या. त्यांनी सरबत नको म्हटलं, भिंग काढलं आणि अस्वलं, गाठी, पिसं सगळं पटापट मंजूर केलं. मागे वळून बघणाऱ्या घोड्याशी मात्र त्या थांबल्या. त्यांनी बिल्ला उलटा केला, नखाने वाजवला, हुंगला.

“चौबळ, हा अस्सल आहे?”

खिडकीखाली बत्ताशी कडबा चघळत होती. तो आवाज वरपर्यंत येत होता.

“नाही,” चौबळ म्हणाले, आणि बायकोकडे बघायची त्यांना हिंमत झाली नाही.

“हे नाशिकचं पितळ आहे,” ओढेकरबाई म्हणाल्या. “भांडीबाजारात समया ओततात ना, तिथलंच. रद्द करावा लागेल. नक्कल कशाची, तेवढं सांगा.”

“कशाचीच नाही. असा बिल्ला कुणाचा नव्हताच.”

“मग याला नक्कल म्हणता येणार नाही. नकलेला अस्सल लागतो.” ओढेकरबाई विचारात पडल्या. “याला पलटण नाही, एवढंच म्हणता येईल. आणि पलटण नाही म्हणून घोडीला परत जायला घर नाही. पण बिनपलटणीचा बिल्लासुद्धा मला ठेवता येत नाही हो.”

नलिनीबाई पुढे झाल्या. “बाई, मला एक सांगा. ते शेतकरी घोडा घरूनच आणायचे ना?”

“हो.”

“म्हणजे पलटणीचा फक्त बिल्ला. घोडी माझ्याकडे आहे, बिल्ला हा इथे आहे. भरतीला अजून काय लागतं?”

ओढेकरबाईंनी भिंग खाली ठेवलं.

“शपथ लागेल. आणि वर्षातून एकदा कॅम्पला हजर राहावं लागेल.”

“आम्ही कॅम्पातच राहतो.”

यावर ओढेकरबाईंचा आक्षेप नव्हता. नलिनीबाईंनी देवासमोर उभं राहून शपथ घेतली, ओढेकरबाईंनी त्यांच्या खांद्यावर पदराला बिल्ला लावला आणि पलटण अस्तित्वात आल्याचं जाहीर केलं. खाली बत्ताशी खिंकाळली. मग ओढेकरबाईंनी सरबत घेतलं.

“पलटण आहे, म्हणजे बिल्ला आता अस्सल,” चौबळ हरखून म्हणाले. “जगात एकच! फळीवर मधोमध लावतो.”

“सेवेतला बिल्ला संग्रहात ठेवता येत नाही,” ओढेकरबाई म्हणाल्या. “शिपाई निवृत्त झाल्यावर बघा.”

“निवृत्त कधी होणार?” चौबळांनी बायकोला विचारलं.

“बघू,” नलिनीबाई म्हणाल्या आणि बत्ताशीला पाणी दाखवायला खाली गेल्या.

पुढे रोज सकाळी त्या दोघी, बाई आता घोडीच्या पाठीवर, डौलात फाटकाबाहेर पडायच्या आणि बोराडेबाई खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. चौबळ गॅलरीतून बघायचे. फळीवरची मधली जागा रिकामी होती, आणि खरं सांगायचं तर घरही रिकामं वाटायचं. शेवटी एका सकाळी ते चपला घालून खाली उतरले.

“मलाही भरती करून घे,” ते म्हणाले.

नलिनीबाईंनी घोडीवरूनच त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “घोडा घेऊन या,” त्या म्हणाल्या. “रिवाज तुम्हीच सांगता ना?”

चौबळांचे सगळे बिल्ले अस्सल. त्यांचे घोडे केव्हाच आपापल्या घरी गेलेले.

त्याच दिवशी ते बसने नाशिकला गेले आणि भांडीबाजारातल्या एका दुकानात शिरले. दुकानदाराने मोठ्या आदराने कपाटातून एक जुना बिल्ला काढून पुढे ठेवला. त्यावर साखळीतलं अस्वल होतं. चौबळांनी तो उलटून पाहिला आणि निराश होऊन परत केला.

“हा खरा आहे हो,” ते म्हणाले. “जरा खोटा दाखवा. कुणाचाच नसलेला.”