दूधविषयक समितीची तिसरी बैठक

आईच्या दुधाला जगात तोड नाही, याबद्दल सुशिक्षित समाजात आजवर दुमत झालेलं नाही. मतभेद सुरू होतात ते, ते दूध ठेवायचं कुठं या प्रश्नापाशी.

आमच्या विमा कचेरीत हा प्रश्न फ्रिजमधून निघाला. दाव्यांचं टेबल सांभाळणारी आमची सहकारी बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाली होती. मूल घरी सासूबाईंपाशी. (रजा संपली की बाळाची भूकही संपते अशी नियमावलीची समजूत आहे, बाळांना ती अद्याप कळवण्यात आलेली नाही.) मधूनमधून ती स्वच्छतागृहात जायची, कडी लावून कमोडच्या झाकणावर बसायची, हातपंपानं दूध काढायची आणि बाटली रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायची. आपला दह्याचा डबा काढताना लेखापालांना ती दिसली.

"मला व्यक्तिशः काही नाही," ते साहेबांना म्हणाले, "पण माझ्या दह्याला खेटून कुणाच्या अंगातलं..." पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणे गिळलं.

त्या फ्रिजमध्ये तेव्हा वाढदिवसाचा एक केक होता. त्याला बुरशी आली होती आणि वाढदिवस कुणाचा हे कुणालाच आठवत नव्हतं. चहाचं दूधही होतं. ते देणाऱ्या गायीशी आमच्यापैकी कुणाचीही ओळख नव्हती. दोन्हींबद्दल तक्रार नव्हती. अनोळखीपणात एक प्रकारचं सोवळं असतं.

साहेब पुरोगामी विचारांचे असल्यामुळे त्यांनी तिला काही न बोलता समिती नेमली. लेखापाल, वसुली अधिकारी आणि मी. तिघंही एके काळी आईचं दूध प्यालेले, त्यामुळे अनुभवाची अट पूर्ण होत होती. तिला सदस्य करता आलं नाही, कारण तिचे हितसंबंध गुंतलेले होते. मात्र अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला तिलाच बसवलं.

पहिल्या बैठकीत बाटलीवर काय लिहावं यावर साधकबाधक चर्चा झाली. नुसतं 'दूध' लिहिलं तर ते चहात जाण्याचा धोका. 'आईचं दूध' लिहिलं तर लेखापालांना अवघडल्यासारखं होणार. शेवटी 'वैयक्तिक द्रव' हा मजकूर एकमतानं मंजूर झाला. त्यानंतर बाटलीला कुणी हात लावेना, पण तिला नक्की कसला आजार आहे याची वरच्या मजल्यावर चौकशी सुरू झाली.

दुसरी बैठक जागेबद्दल होती आणि ती लांबली. घोंगडं भिजत ठेवणं हा समितीचा धर्मच आहे.

"साहेब, मी जरा जाऊन येऊ?" ती मध्येच म्हणाली. "वेळ झालीय."

"अहो, तुमचाच विषय चाललाय," साहेब म्हणाले. "तुम्हीच उठलात तर कसं चालेल?"

ती बसली. वसुली अधिकारी मातृत्वाच्या थोरवीवर बोलत होते. (त्यांच्या मातोश्री परगावी एकट्या राहतात.) तेवढ्यात तिचा फोन थरथरला. तिनं तो कानाला लावला, पण सासूबाईंचा आवाज खणखणीत. "अगं, सकाळची बाटली संपली बघ. रडून रडून लाल झालाय. काय देऊ त्याला?" आणि त्यामागून बाळाचं रडणं आम्हा सर्वांना ऐकू आलं.

शरीराला कामकाजाची शिस्त नसते. तिला पान्हा फुटला. ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. तिनं फाइल छातीशी धरली. समितीनं प्रसंगावधान राखून पंख्याकडे पाहिलं. बैठक मात्र रीतसर आभारप्रदर्शनानंतरच संपली.

पुढचे काही दिवस ती आली नाही. दूध तुंबून छातीत दगडासारखी गाठ झाली होती, तापानं अंग फणफणत होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, "कुणासाठी थांबायचं नाही. भरलं की काढायचं, जिथं असशील तिथं." साहेबांनी घरी फोन करून आपुलकीनं विचारपूस केली, आणि इतिवृत्त कुठल्या कपाटात आहे तेही विचारलं.

तिसऱ्या बैठकीला ती आमच्या आधी येऊन बसली होती. चेहरा उतरलेला, पण केस नीट बांधलेले. विषय वाचला गेला. तिनं पिशवीतून पंप काढून टेबलावर ठेवला, अंगावर शाल ओढून घेतली, पंप शालीखाली नेला आणि म्हणाली,

"चालू द्या. माझाच विषय आहे."

शालीखालून चूंक-फस्, चूंक-फस् असा आवाज येऊ लागला.

आमच्या कचेरीच्या इतिहासात इतकी कार्यक्षम बैठक झालेली नाही. लेखापालांना बँकेत जायचं आठवलं. वसुली अधिकाऱ्यांना कुणाची तरी हाक ऐकू आली. मी त्यांच्या मागून पाहायला गेलो, ती हाक खरंच कुणाची होती ते. साहेब शेवटी उठले.

"दार ओढून घ्या, साहेब," ती म्हणाली. "आणि ही खोली मला रोज लागेल."

"लागेल तर," साहेब म्हणाले. हा समितीचा एकमेव अमलात आलेला ठराव.

आम्ही बाहेर उभे राहिलो. आतून कडी लागली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. सासूबाईंशी बोलत होती. "नाही हो, आता नाही दुखत. भरपूर आलंय आज. संध्याकाळी पोटभर पिईल." मग तिनं फोन ठेवला. नाक ओढल्याचा आवाज आला, तो सर्दीचा असावा असं आम्ही ठरवलं.

आता बाटलीवर तिच्या सुवाच्य अक्षरात 'आईचं दूध' असं लिहिलेलं असतं. लेखापाल दही टेबलाच्या खणात ठेवतात. ते फसफसतं, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. बाळ अंगानं भरलं आहे असं कळतं. वार्षिक अहवालात समितीच्या संवेदनशीलतेचा गौरव झाला.

आपल्या कचेरीत असा प्रश्न कधी आलाच नाही, असं आपण हे वाचताना समाधानानं म्हणाला असाल. शक्य आहे. स्वच्छतागृहाची कडी फार वेळ आतून लागलेली असताना आपण बाहेरून दार वाजवून "आटपा की लवकर" म्हणाला होतात, तेव्हा आत कोण होतं, एवढं मात्र विचारायचं राहून गेलं.