एकदाच टक्

आमच्या शेजारच्या शिमोनमामांना तुम्ही कुठलंही दुखणं सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "एकदाच टक्, का टकटकटक?"

माझा गुडघा दुखत होता तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, "मामा, गुडघा आहे, गाडी नाही."

"बाई, समदं येकच असतंय. वाजतंय कसं, ते सांगा."

शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडमागे आमची गल्ली. मी शाळेत शिकवते म्हणून सगळ्यांची बाई, आणि ते सगळ्यांचे मामा. कुरकुंभच्या कारखान्यात फिटरकी करून ते निवृत्त झाले आणि गावी आले, पण हातातला पाना काही सुटला नाही. कुणाची गाडी नुसती वाजली आणि चालू झाली नाही, की माणूस आधी मामांच्या दारात उभा. मामांचं शास्त्र सरळ आहे. "हेडलाइट लावा आन् किल्ली फिरवा. टकटकटक झालं आन् दिवं मिणमिणलं, म्हंजी बॅटरी उपाशी हाय, तिला खायला घाला. एकदाच टक् झालं आन् दिवं भक्क ऱ्हायलं, म्हंजी पोट भरलंय, स्टार्टर रुसलाय." पाळकसाहेबांच्या गाडीपासून दूधवाल्याच्या टेम्पोपर्यंत हे निदान बहुतेक वेळा बरोबर निघालेलं आहे.

आता गंमत ऐका. खुद्द मामांची पांढरी गाडी रूथमामी गेल्यापासून दारात उभी होती. किल्ली फिरवली की एकदाच टक्. दिवे भक्क. गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल की स्टार्टर गेलाय. मामा सोडून!

मामांनी बॅटरीचे टर्मिनल गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतले. अर्थिंगची वायर सोडून पुन्हा आवळली. फ्यूज बदलले. चांगली बॅटरी काढून नवी बसवली. दर रविवारी उपासनेआधी कोट घालून गाडीत बसायचे, किल्ली फिरवायचे, टक् ऐकायचे, उतरायचे आणि चालत मिशनच्या देवळात जायचे. रागाने मान ताठ.

मी एकदा तोंडावर म्हटलं, "मामा, तुमचाच नियम आहे ना? एकदाच टक् म्हणजे स्टार्टर."

"त्यो नियम लोकांच्या गाड्यांना."

दूधवाला म्हणाला, धक्का मारू, धक्क्यावर सुरू होईल. मामा उसळले. "धक्का न्हाई लावायचा! ती काय म्हैस हाय ढकलायला?" त्या रविवारी पाळकसाहेबांनी कुसळ-मुसळाचा उतारा वाचला, तेव्हा अख्खी मंडळी वळून मामांकडे बघत होती. मामांनी उलट सगळ्यांकडे बघितलं. मोडेन पण वाकणार नाही, ही त्यांची तऱ्हा. मला ती आवडते, आणि तिचा संतापही येतो.

शेवटी पुण्याहून मुलगा आला, समीर. गुणी पोरगा आहे, पण बापाचाच. सोबत मेकॅनिक आणि खोक्यात नवा कोरा स्टार्टर. उपासना सुटून आम्ही सगळे नुकतेच परतलो होतो.

"पप्पा, आज निकाल. एक तर हा स्टार्टर बसवायचा, नाहीतर गाडी भंगारात. मी भंगारवाल्याशी बोललोय, दुपारी टेम्पो घेऊन येतोय."

"माझ्या गाडीला हात लावून बघा," असं म्हणून मामा बॉनेटला पाठ लावून उभे राहिले. मेकॅनिकने पाना काढला, मामांनी तो हिसकावून घेतला. गल्ली जमली. समीर रडकुंडीला आला. "अहो पप्पा, भलं सांगतोय तुमचं. नवा बसवला की नुसती किल्ली फिरवायची. एकट्याला चालू करता येईल. कुणाची गरज नाही."

"व्हय. म्हनूनच नको."

"म्हणजे?"

"एकट्यानं चालू व्हनारी गाडी मला न्हाई पायजे."

मामा हे ओरडून म्हणाले. त्यांचा अर्थ मला कळला, कारण हे आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. तो स्टार्टर जुनाच रोगी. मामा आत बसून किल्ली धरायचे, आणि रूथमामी उपासनेची पांढरी साडी खोचून बॉनेटखाली वाकायच्या आणि पान्याने स्टार्टरवर टोला हाणायच्या. तेव्हा कुठे गाडी उठायची. ते दोघांचं काम होतं. मामांना बिघाड कधीच कळला होता. तो दुरुस्त झालेला त्यांना नको होता.

समीरने हातातलं खोकं खाली ठेवलं. बापाच्या जवळ जायचं धाडस त्याला होईना. मला राहवलं नाही. मी पुढे झाले आणि पदर खोचला.

"आणा तो पाना. बसा आत."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता मलाही झिडकारणार. पण त्यांनी पाना दिला, कुठे मारायचा ते बोट लावून दाखवलं आणि आत बसले. टक्. मी टोला हाणला. काही नाही. पुन्हा टक्, पुन्हा टोला. काही नाही.

मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, नुसतं हानून न्हाई व्हायचं. ती शिव्या द्यायची."

"कुणाला, गाडीला?"

"मला."

शाळेतल्या बाईने भर गल्लीत, उपासनेच्या कपड्यांत, काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की बरंच साठलं होतं. 'हट्टी रेड्या'पासून सुरुवात केली आणि वर चढत गेले, आणि म्हणता म्हणता माझेच डोळे भरून आले. तेवढ्यात टोला बसला आणि इंजिन धडधडत उठलं. समीर वेड्यासारखा टाळ्या वाजवत होता.

मामांनी पलीकडचं दार आतून उघडलं. "बसा की आता! बंद पडंल!"

मी घाईने बसले. सीट अगदी पुढे ओढलेली, माझा दुखरा गुडघा समोर आदळला. रूथमामी बुटक्या होत्या. मी सीट मागे सरकवायला खाली हात घातला आणि मामांकडे बघितलं. ते समोर बघत होते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून.

मी हात काढून घेतला. गुडघे तिरपे केले आणि म्हटलं, "चला."